पायाला हात नको

आमच्यात पाय स्वतःचे नसतात. हसू नका, आधी ऐका. मी जंगम. म्हणजे लिंगायतांच्या घरी पूजेला, लग्नाला, मयताला ज्याला बोलावतात तो स्वामी. बाकी जगात माणसाच्या विद्येला मान असतो, पैशाला असतो, आमच्यात पायाला. भक्ताच्या घरी गेलो की मला पाटावर बसवतात, पाय पितळी परातीत ठेवायला लावतात, तांब्यानं पाणी घालून चोळून चोळून धुतात, नव्या कापडानं पुसतात, विभूतीचे पट्टे ओढतात, वर बेलपान ठेवतात. मग अंगठ्यावरून पाणी सोडून ते ओंजळीत धरतात आणि तीर्थ म्हणून पितात. बाराव्या वर्षी माझी दीक्षा झाली तेव्हापासून हे चाललंय. गणितात नापास झालो म्हणून सकाळी मास्तरांनी छड्या दिल्या आणि संध्याकाळी त्याच मास्तरांनी माझे पाय धुतले. तेव्हा मला लई मजा वाटली होती.

पोट मात्र पायावर चालत नाही. कमलनगरच्या बसस्टँडजवळ माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. सोमवारी दुकान बायकोवर सोपवायचं आणि जीपनं खेड्यापाड्यांत पूजेला जायचं, असा माझा रिवाज. श्रावणात तर सोमवारी चार-चार घरं असायची.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी धोतर नेसायला घेतलं आणि काठ नडगीला लागला. तापलेला तवा लागावा तसा चटका बसला. मी ओरडलो. बायको पोळ्या टाकून धावत आली. पायाला काय होतं? काही नव्हतं. फोड नाही, लाली नाही, सूज नाही. तिनं बोट लावून बघितलं तर मी तिच्यावर हात उगारला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आजवर असं केलं नव्हतं. तिनं हाताकडं बघितलं, पायाकडं बघितलं आणि गुमान स्वयंपाकघरात गेली.

हळूहळू कळलं की याचे नियमच उलटे आहेत. जोरानं दाबलं तर एक वेळ चालतं, पण हलकं काही लागलं की जीव जातो. मुंगीपेक्षा बैल बरा! चादरीचा कोपरा, पंख्याचा वारा, चपलेचा पट्टा, साधी माशी. आणि आत पिंढरीत कुणी तार ओढून सोडल्यासारखी कळ, ती कधी येईल त्याचा नेम नाही. बायकोनं दोन स्टुलांवर फळी टाकून पलंगावर मांडव केला, म्हणजे चादर पायाला लागू नये. ती मूळची करजगीची, अफझलपूर तालुक्यातली. चिडली की कानडीत चिडते. 'सुम्निर्री,' म्हणजे गप्प बसा, हे मी त्या वर्षात जितक्यांदा ऐकलं तितकं सगळ्या संसारात ऐकलं नसंल.

माझ्या मनात एकच शब्द होता. महारोग. तो मी हिलासुद्धा सांगितला नाही. ज्याच्या पायाचं पाणी लोक पितात त्याच्या कातडीला काही झालं तर पुढं काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कमलनगरात दाखवलं तर दुपारपर्यंत गावभर होईल म्हणून उदगीरला गेलो. म्हातारा डॉक्टर होता. त्यानं माझे डोळे मिटायला लावले आणि पायाला टाचणी टोचली. माझी किंकाळी ऐकून बाहेरची माणसं आत डोकावली. तो हसला, "महारोगात कातडी मरते हो. तुमची तर नको तितकी जिवंत आहे." मग म्हणाला, "आग होणाऱ्या पायाला भिऊ नका. आग होता होता जो पाय एक दिवस गप्प होतो ना, त्याला भ्या." हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. महारोग नाही एवढंच मला पुरे होतं. येताना बसमध्ये मी रडलो.

पण मग आहे काय? तर ते कुणालाच सांगता येईना. रक्त तपासलं, साखर नाही. कंबरेचा फोटो काढला, ठीक. हैदराबादला नेऊन पायाला तारा लावल्या, करंट दिले, नसांची तपासणी केली. तिथला पोरगेला डॉक्टर कागद बघून म्हणाला, "अभिनंदन, सगळं नॉर्मल आहे." मी म्हटलं, "मग हे नॉर्मल पाय तुम्ही ठेवून घ्या आणि तुमचे मला द्या." बायकोनं मला बाहेर ओढलं. औरादकडच्या एका वैद्यानं तेल दिलं, ते लावायलाच हात लागतो, म्हणजे झालंच. गोळ्या चालू झाल्या. त्यानं झोप येते, तोंड कोरडं पडतं, गिऱ्हाईकाला दोनशे पानी वहीच्या जागी शंभर पानी दिली जाते. आग चार आणे कमी होते. बारा आणे राहते.

त्या वर्षीचा पहिला श्रावण सोमवार. पहिलं घर अक्काचं. जीपनं अर्ध्या तासावरच्या गावातली ही म्हातारी माझ्या थोरल्या बहिणीसारखी. दीक्षेच्या दिवशी माझे पाय पहिल्यांदा धुतले ते तिनं. तेव्हा ती त्या घरची नवी सून होती आणि मी अर्ध्या चड्डीतलं पोरगं. त्या दिवसापासून मला 'स्वामी' आणि 'तुमी' म्हणते. पुढं मालक गेला, तिनं एकटीनं शेत केलं, मुलाचं लग्न केलं, पण श्रावणातला सोमवार चुकवला नाही. तिचे हात खरखरीत, आणि पाय धुताना कुकरचं बूड घासावं तशी घासणार. त्या दिवशी तेच मला तारून नेत होतं. घासणं मी दात आवळून सोसलं. पण पुसायला तिनं नवं सुती कापड घेतलं आणि हलक्या हातानं, मायेनं, पावलावरून फिरवलं. पाय आपोआप झटकला गेला. परात उलटली. तीर्थाचं पाणी फरशीभर झालं आणि सुनेच्या पायापर्यंत वाहत गेलं.

अक्काच्या तोंडावरचं रक्त उतरलं. तिनं कापड तसंच हातात धरून विचारलं, "स्वामी, काय चुकलं आमचं?"

खरं सांगायची हीच वेळ होती. दोन शब्दांचं काम होतं, पाय दुखायलेत. पण आजारी पायाचं पाणी कोण पिणार? आणि हिनं आजवर प्यालेल्याचं काय? मी तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं. "तुमचं काय बी चुकलं न्हाई, अक्का. माझा संकल्प हाय. पायाला कुणाचा हात लावून घ्यायचा न्हाई. सांगायचं राहून गेलं."

अक्कानं तिथंच डोकं टेकवलं. फरशीवर, माझ्या पायापासून हातभर लांब.

खोटं बोललं की ते लपवायला लागतं असं म्हणतात. माझ्या खोट्याला लपवायची वेळच आली नाही, ते मिरवायलाच लागलं. आठवड्याभरात औरादच्या बाजारात बोलणं झालं की कमलनगरच्या स्वामीनं कडक व्रत धरलंय. आजवर ज्यांनी कधी बोलावलं नव्हतं त्यांची बोलावणी आली. हात लावायचा नाही म्हटल्यावर लोक वरून धार सोडायला लागले. अरे बाबांनो, ती बारीक धार म्हणजे सुया! मग मी संकल्प आणखी वाढवला. धार बी नको, परातीत कोमट पाणी ठेवा, मीच पाय ठेवतो. लोक म्हणाले, बघा, किती कडक! पाणी साठलेलं असलं, कोमट असलं, तर दहा-बारा आकडे मोजेपर्यंत मी सोसू शकत होतो. माझ्या चेहऱ्यावर जी कळ उमटायची तिला लोक ध्यान समजायचे. बायको म्हणायची, "ध्यान म्हणजे काय ते मला इचारा. घरात हाय एक."

असं दोन वर्षं चाललं. मला त्याची सवय झाली आणि, खोटं कशाला बोलू, गोडीपण लागली. दुखण्याचं कारण सापडत नव्हतं, निदान त्याला नाव तरी चांगलं मिळालं होतं.

तिसऱ्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर अक्का दुकानात आली. जीपमधून उतरली तेव्हाच लंगडत होती. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, शिवाय दारात पेपर वाचत बसणारे नेहमीचे. ती बाकावर बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "स्वामी, एक सांगू का, हसू नका. माझ्या पायाला आग आग व्हायलीय. चादर लागली तरी सोसंना गेलंय. पंख्याचा वारा लागला तर मिरची लावल्यावानी होतंय."

तीन वर्षांत मला भेटलेला हा पहिला माणूस, जो माझीच गोष्ट मला सांगत होता. आणि मी त्याला सांगू शकत नव्हतो की व्हय अक्का, मला बी.

ती पुढं म्हणाली, "पोरगा म्हणतंय दवाखान्यात चल. मी म्हटलं, आधी स्वामीला इचारते. स्वामी म्हणतील तसं."

दारातल्या माणसांनी पेपर खाली केला. मी दवाखाना म्हणालो असतो तर हे लोक काय म्हणाले असते? एवढं व्रताचं तेज, आणि विभूतीत दम न्हाई? आणि अक्कानं विचारलं असतं, तुमाला कसं कळलं आतून कसं होतंय ते? एक खडा निघाला की सगळी भिंत येणार, असं मला वाटलं. मी गल्ल्याशेजारच्या डब्यातून विभूती काढली, वहीच्या कागदात पुडी बांधली आणि म्हटलं, "महिनाभर लावा. बघू."

तिनं पुडी डोळ्याला लावली. जाताना लंगडणं कमी झाल्यासारखं चालली. मला दाखवायला.

दुपारी जेवताना बायकोला सांगितलं. तिनं ताट बाजूला सारलं. "पुडी दिलाव? तुमाला काय झालंय ते हैदराबादला बी कुणाला कळंना. तिला काय झालंय ते रक्ताच्या एका थेंबात कळंल. तिच्या आईला साखर होती, तुमीच सांगितलं होतं मला."

"सांगतो की पुढच्या सोमवारी."

"पुढच्या कामून? आता जावा."

"लोक काय म्हणतील?"

"तुमच्या पायाची लाज तुमाला. तिच्या पायाचं काय?"

मी ओरडलो तिच्यावर. खरं बोलणाऱ्यावर ओरडायला मला आजवर कधी जड गेलं नाही. पुढचा सोमवार आला, गेला. संक्रांत झाली. मग एक दिवस धीर करून अक्काला फोन लावला. सांगायचं ठरवून लावला होता, वाक्य चार वेळा घोकून. पण तीच आधी बोलली, "स्वामी, कमी हाय बघा आग. लई कमी हाय." मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी दुकानातल्या पोरांना फुकट पेन्सिली वाटल्या. ते बरं वाटणं मला अजून माफ करता येत नाही.

गेल्या श्रावणातला पहिला सोमवार. अक्काच्या घरी या वेळी शेजारपाजारसुद्धा जमला होता, तिनंच बोलावला होता. मी पाटावर बसलो, परातीतल्या पाण्यात पाय ठेवले आणि आकडे मोजायला लागलो. तेवढ्यात अक्का सगळ्यांकडं वळून बोलायला लागली. तोंड कसं उजळलं होतं तिचं.

"ऐका. मला पायाची लई आग व्हायची. स्वामीनं इभूत दिली. आग पार गेली! आता कायबी कळंना. परवा एवढा काटा मोडला, सुनेनं बघितला तवा कळलं. गुण म्हणजे असा."

बायका हात जोडून माझ्याकडं बघायला लागल्या. मला परातीतलं पाणी लागेना झालं. उदगीरचा म्हातारा डॉक्टर चार वर्षांनी माझ्या कानात बोलत होता. आग होता होता जो पाय एक दिवस गप्प होतो.

आरती सुरू झाली. अक्काच्या हातात ताट, ताटात कापूर. टाळ्या वाजत होत्या, सगळे मोठ्यानं म्हणत होते. ताट ओवाळताना कापराची एक पेटती वडी घरंगळली आणि अक्काच्या पावलावर पडली. मी बघत होतो. ती पावलावर जळत होती, छोटी निळी ज्योत, आणि अक्का डोळे मिटून आरती म्हणत होती. एक ओळ झाली. दुसरी ओळ. तिचा सूर तसूभर हलला नाही. मला वाटलं कुणीतरी बघेल, कुणीतरी ओरडेल. सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते, तिच्या पायाकडं कोण बघणार? मग कातडी जळल्याचा वास आला.

मी पाटावरून उठलो ते परात लाथाडूनच. गुडघ्यावर पडलो आणि तळहातानं ती वडी झटकली. तिचं पाऊल दोन्ही हातांत धरलं.

टाळ्या थांबल्या. जंगमानं भक्ताच्या पायाला हात लावला होता. असं होत नसतं. अक्का पाय ओढायला लागली, तिचा आवाज फाटला, "पायाला हात नको, स्वामी! पाप लागंल मला, सोडा!"

मी सोडलं नाही. पाऊल वर केलं. करंगळीच्या खाली काट्याची जखम होती, तिच्याभोवतीचं सगळं काळं पडलं होतं, शेजारच्या बोटापर्यंत. त्या काळ्यावर पांढरी विभूती नीट, रोजच्यासारखी लावलेली होती.

"संकल्प-बिंकल्प काय न्हाई," मी म्हणालो. "रोग हाय मला. पायाला. चार वर्षं झाली. हात लागला तर सोसत न्हाई म्हणून खोटं बोललो. इभूतीनं आग गेली न्हाई, अक्का, पाय मरायलाय. आत्ताच्या आत्ता बीदरला न्या हिला. साखर तपासा. आत्ताच्या आत्ता!"

तिचा मुलगा, चाळिशीचा गडी, मला लहानपणापासून वाकून नमस्कार करणारा, माझ्यासमोर उभा राहिला. "दिवाळीला मी दवाखान्यात चल म्हटलो होतो तिला," तो म्हणाला. "तुमाला ठावं होतं?"

"संशय होता."

"आणि पुडी दिलाव?"

मी मान हलवली. त्यानं आईला उचलून जीपमध्ये घातलं. मी मागं चढायला लागलो तर त्यानं फळकुट लावून घेतलं. जीप गेली. मी ओल्या पायांनी रस्त्यावर उभा होतो, वारा सुटला होता, आणि पाय असे पेटले होते की उभं राहवेना. पहिल्यांदा वाटलं, बरं झालं. पेटू दे.

साखर निघाली, भरपूर. दोन बोटं काढली. पाऊल राहील का जाईल हे आठ दिवस नक्की नव्हतं. हे सगळं मला बायकोकडून कळायचं, सून तिला फोन करायची. मी एकदा बीदरला गेलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. मुलगा बाहेर आला, मला बघितलं आणि "जावा," एवढंच म्हणाला. मी आलो. त्या श्रावणात दुसरं बोलावणं आलं नाही. बाजारात मला नवं नाव पडलं, 'संकल्पस्वामी'. पोरं दुकानात वही मागायला येताना ते म्हणत आणि हसत पळत. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मीही हसलो असतो. बायको एकदासुद्धा म्हणाली नाही की मी सांगितलं होतं. ती म्हणाली असती तर भांडून मोकळा झालो असतो.

पाऊल राहिलं. हे कळलं तेव्हा मी वह्यांच्या गठ्ठ्यामागं जाऊन बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.

कार्तिकात एका सोमवारी अक्काचा मुलगा मोटरसायकलवर दुकानासमोर आला. उतरला नाही. "आईनं बोलावलंय. पाय धुवायचेत म्हणतीया."

आता ती धुणार, घासणार, त्या मायेच्या हातानं पुसणार, आणि मला नाही म्हणायचं तोंड राहिलेलं नव्हतं. बायकोनं धोतर काढून दिलं. "जावा. वरडायचं तर वरडा. आता कुणाची चोरी हाय?"

अक्का ओट्यावर खुर्चीत बसली होती. अर्धी झाली होती. डावा पाय उघडा, दोन बोटांच्या जागी गुळगुळीत कातडी. जखम भरलेली होती, पण घोट्यावर नवे फोड होते. समोर तीच पितळी परात, एका बाजूला गरम पाण्याची घागर, दुसऱ्या बाजूला थंड. मी खाली बसलो. ती माझ्याकडं बघेना. परातीकडं बघून बोलत होती.

"डॉक्टर म्हणाले रोज कोमट पाण्यानं पाय धुवा. सून शेतात जाती. परवा मीच पाणी घेतलं तर हे फोड आले. मला गरम-थंड कळंना गेलंय, स्वामी. हाताला बी कळंना. तुमच्या पायाला सगळं कळतंय म्हणता न्हवं?"

"व्हय."

"मंग घालून बघा. तुमाला सोसलं तर मला चालंल."

मुलानं परातीत गरम पाणी ओतलं, वर थोडं थंड. मी पाय ठेवला. कळ मस्तकात गेली. मी मोठ्यानं ओरडलो, चार वर्षांत पहिल्यांदा भक्ताच्या घरी, आई गं म्हणून. पाय बाहेर काढला. "गरम हाय." मुलानं माझ्याकडं बघितलं आणि तांब्याभर थंड घातलं. परत ठेवला. "अजून." परत तांब्या. तिसऱ्यांदा ठेवला तेव्हा दुखलं, पण ते माझं रोजचं दुखणं होतं, पाण्याचं नव्हतं. एवढा फरक मला आता कळतो. म्हटलं, "घाला आता."

अक्कानं आपला पाय उचलून त्याच पाण्यात सोडला. मी माझा काढायला लागलो तर म्हणाली, "राहू द्या. निवत आलं तर सांगा."

आम्ही तसेच बसलो. एका परातीत दोन पाय, माझ्याला पाण्याचा थेंब थेंब कळत होता आणि तिच्याला काहीच नाही. थोड्या वेळानं तिनं पाय काढला, मुलानं तो टिपून घेतला, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "तीर्थ?"

आता तिनं माझ्याकडं बघितलं. "तीर्थ न्हाई घेणार मी. तुमी मला खोटं बोललाव." मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "पाणी मात्र बघून देत जावा. बाकीच्या दिवशी सून बघंल. सोमवार तुमचा."

सोमवार चुकवत नाही मी. दुकान बायकोवर सोडतो, जीपनं जातो. आता मला पाटावर कुणी बसवत नाही, ओट्याच्या पायरीवर बसतो. मुलगा अजून माझ्याशी बोलत नाही, पण पाणी तोच ओततो. माझ्या पायाला काय झालंय ते आजही कुणाला ठाऊक नाही, आणि गोळ्या चालूच आहेत. अक्का मात्र दर खेपेला तेच विचारते, मी पाण्यात पाय ठेवल्यावर, माझ्या तोंडाकडं नीट बघून.

"दुखायलंय का?"

"दुखायलंय."

"खरं?"

"खरं, अक्का."

मग ती पाय पाण्यात सोडते.